मेस्सी की रोनाल्डो? कट्ट्यावरची फुटबॉल चर्चा आणि आपल्या पोरांचं मैदान

शनिवारी रात्री उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर, कुठल्याही स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर थोडा वेळ थांबलं की एक वाद हमखास कानावर पडतो. कोणाच्या अंगात बार्सिलोनाचा टी-शर्ट असतो, कोणाच्या मँचेस्टर युनायटेडचा. एक जण म्हणतो, "भाई, रोनाल्डो के पास वर्ल्ड कप कहाँ है?" दुसरा लगेच उसळतो, "और मेस्सी ने कितनी लीग में खेलके दिखाया?" तिसरा व्हीएआरला शिव्या घालत असतो. कोपऱ्यातल्या बाकावरचे चाचा मात्र म्हणतात, "आमच्या वेळचा खेळच वेगळा होता."

या वादाकडे टाइमपास म्हणून बघणारे बरेच आहेत. आम्हाला तसं वाटत नाही. यातले बहुतेक प्रश्न खरे आहेत. पैसा कोणाचा, क्लब कोणाचा, नियम कोणासाठी आणि शेवटी मैदान कोणाचं. म्हणून या लेखात आम्ही कट्ट्यावरचे मुद्दे एकेक करून समजून घेणार आहोत. शेवटी आपल्या तीन शहरांत परत येऊ, कारण खरा प्रश्न तिथेच आहे.

मेस्सी की रोनाल्डो: आकडे काय सांगतात?

आधी हिशेब मांडू. मेस्सीकडे ८ बॅलन डी'ओर आहेत, रोनाल्डोकडे ५. चॅम्पियन्स लीगमध्ये उलटं आहे: रोनाल्डो ५, मेस्सी ४. रोनाल्डोने सप्टेंबर २०२४ मध्ये कारकिर्दीतला ९०० वा गोल केला. २०१६ ला पोर्तुगालला युरो करंडक मिळाला, तेव्हा तो कर्णधार होता. मेस्सीने १८ डिसेंबर २०२२ ला कतारच्या लुसैल स्टेडियममध्ये विश्वचषक उचलला. तो अंतिम सामना ३-३ असा सुटला आणि अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टी शूटआउटमध्ये ४-२ ने हरवलं. विश्वचषकातल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'गोल्डन बॉल' दोनदा मिळवणारा मेस्सी एकटाच आहे.

मग मोठा कोण? इथेच वाद फसतो, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. गोल मोजायचे तर रोनाल्डोचं पारडं जड. गोल करणं, गोल करून देणं आणि अख्खा खेळ चालवणं असं सगळं मिळून बघायचं तर मेस्सीचं. दोघांचं काम एकसारखं नाहीच. पुढच्या वेळी कट्ट्यावर वाद सुरू झाला की आधी एवढंच विचारा, "आपण मोजतोय काय?" निम्मा आरडाओरडा तिथेच थांबेल.

मागच्या वर्षी दोघांना जवळून बघायची आशाही आपल्याकडच्या पोरांना लागली होती. २२ ऑक्टोबर २०२५ ला रोनाल्डोचा अल नासर संघ एफसी गोवाविरुद्ध खेळायला मडगावला आला, पण रोनाल्डो आला नाही. मेस्सी १४ डिसेंबरला वानखेडेवर आला, पण सामना खेळायला नाही, कार्यक्रमाला. तिकिटांचे दर हजारांत होते. आदल्या दिवशी कोलकात्यात हजारो रुपये मोजूनही तो नीट दिसला नाही म्हणून प्रेक्षकांनी खुर्च्या फेकल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. आपल्या भागातल्या बहुतेक चाहत्यांसाठी हे दोघे आजही मोबाईलच्या स्क्रीनपुरतेच आहेत.

"क्लब आता शेखांचे झाले"

हा कट्ट्यावरचा दुसरा मोठा मुद्दा. २००८ मध्ये अबू धाबीच्या पैशाने मँचेस्टर सिटी विकत घेतला गेला. २०११ मध्ये कतारने पॅरिस सेंट-जर्मेन घेतला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखाली न्यूकॅसल विकला गेला. २०१७ मध्ये पॅरिसच्या क्लबने नेमारसाठी बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो मोजले, तेव्हा खेळाडूंच्या किमतीचा सगळा बाजारच बदलून गेला.

आपल्याकडे काही तरुणांना याचा अभिमान वाटतो: मुस्लिम देशांचा पैसा युरोपच्या मोठ्या क्लबमध्ये! काहींना वाटतं, पैशाने करंडक विकत घेतला तर त्यात मर्दुमकी कसली? आमचं मत सांगायचं तर मालकाचा धर्म किंवा देश हा मुद्दाच नाही. इंग्लंडमधल्या अनेक मोठ्या क्लबचे मालक अमेरिकन आहेत आणि तिथल्या चाहत्यांची त्यांच्याबद्दलही तक्रार असते. खरा प्रश्न एवढाच की क्लबमध्ये चाहत्याचा शब्द चालतो की नाही.

याची दोन उदाहरणं बघा. जर्मनीत '५०+१' नावाचा नियम आहे. एक-दोन अपवाद सोडले तर क्लबमधली बहुमताची मतं सभासदांकडेच राहतात, म्हणजे साध्या चाहत्यांकडे. गुंतवणूकदार पैसा घालू शकतो, पण क्लब खिशात घालू शकत नाही. दुसरं उदाहरण एप्रिल २०२१ चं. युरोपातल्या १२ बड्या क्लबनी 'सुपर लीग' नावाची स्वतःची वेगळी स्पर्धा जाहीर केली. चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब माघारी फिरले. चाहता फक्त गिऱ्हाईक नसतो, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

मालक बदलला की काय होतं, ते आपल्या मुंबईनेही अनुभवलं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई सिटी एफसीत २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्याच कंपनीने ६५ टक्के हिस्सा घेतला. संघ २०२०-२१ मध्ये आयएसएल जिंकला, २०२३-२४ मध्ये पुन्हा जिंकला. मग देशातल्या लीगचं व्यापारी कंत्राट संपत आलं, पुढे काय होणार ते कोणाला कळेना, आणि २०२५-२६ चा हंगाम नेहमीसारखा सप्टेंबरमध्ये सुरूच होऊ शकला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये परदेशी मालकाने हिस्सा सोडत असल्याचं जाहीर केलं. पैसा आला तसा गेला. चाहते राहिले.

व्हीएआरने खेळ बिघडवला का?

व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारी यंत्रणा. २०१८ च्या विश्वचषकात ती वापरली गेली, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१९-२० पासून आली. अनेकांना वाटतं की व्हीएआर प्रत्येक चूक तपासतो. तसं नाही. ठरलेल्या चारच बाबतींत तो मध्ये पडतो असं ढोबळपणे म्हणता येईल: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड दिलं गेलं असेल तर. त्यातही रेफरीची चूक 'स्पष्ट आणि उघड' असावी लागते. साधा फाऊल आपल्याला टीव्हीवर ढळढळीत दिसला तरी व्हीएआर गप्प बसतो, त्याचं कारण हे.

मग ऑफसाइड सेंटिमीटरमध्ये का मोजतात? कारण ऑफसाइड हा मताचा प्रश्न धरला जात नाही. खेळाडू रेषेच्या पुढे होता की नव्हता, एवढंच. त्यामुळे तिथे 'उघड चूक' ही अट लागत नाही आणि खांद्याच्या टोकावरूनही गोल रद्द होतो. नियमानुसार ते बरोबर आहे. पण गोल झाल्यावर दोन मिनिटं श्वास रोखून थांबायचं, ही चाहत्याची तक्रारही बरोबर आहे.

"पूर्वीचा खेळ चांगला होता" म्हणणाऱ्या चाचांनाही एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९९२ पर्यंत बचावपटू चेंडू गोलकीपरकडे मागे द्यायचा, गोलकीपर तो हातात घ्यायचा आणि पुढे असलेला संघ असाच वेळ काढायचा. तो नियम बदलला म्हणून खेळ वेगवान झाला. बदल झाला की खेळ बिघडतोच असं नाही.

पण एका बाबतीत चाचांचं म्हणणं खरं आहे: सामने फार झालेत. विश्वचषकात १९९८ पासून ३२ संघ आणि ६४ सामने होते. २०२६ ला ४८ संघ आणि १०४ सामने. चॅम्पियन्स लीग २०२४ पासून ३६ संघांची झाली. २०२५ मध्ये ३२ क्लबची क्लब विश्वचषक स्पर्धा आली. प्रत्येक जादा सामन्यामागे प्रक्षेपणाचा पैसा आहे, आणि तो पळून भरून काढायचा आहे खेळाडूच्या पायांनी.

रोजा, इफ्तार आणि मैदान

रमजानमध्ये कट्ट्यावर एक वेगळा विषय निघतो: रोजा ठेवून खेळता येतं का? २६ एप्रिल २०२१ ला लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात सूर्यास्तानंतर गोलकिकच्या वेळी खेळ क्षणभर थांबला, आणि वेस्ली फोफाना व शेखू कुयाते यांनी रोजा सोडला. त्यानंतर इंग्लंडमध्ये ही पद्धत रुळली. फ्रान्सच्या फुटबॉल संघटनेने मात्र २०२३ मध्ये रेफरींना कळवलं की असा सामना थांबवायचा नाही. खेळ तोच, देश बदलला की वागणं बदलतं.

मोहम्मद सालाहबद्दलही एक अभ्यास माहीत असावा. तो २०१७ मध्ये लिव्हरपूलमध्ये आला. त्यानंतर त्या भागातले द्वेषातून होणारे गुन्हे अपेक्षेपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाल्याचं काही संशोधकांना आढळलं. हा अभ्यास २०२१ मध्ये राज्यशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात छापून आला. एका खेळाडूने सगळं बदललं असा दावा आम्ही करणार नाही. पण ज्याच्यासाठी आपण टाळ्या वाजवतो त्याच्याविषयी मनात अढी ठेवणं कठीण जातं, एवढं नक्की. आपल्या कॉलनीतही हा अनुभव येतो. सिंधी, मराठी, मुस्लिम, दलित, उत्तर भारतीय पोरं एका संघात खेळली की घरी नावानिशी ओळख होते, ईदला शीरखुर्मा आणि दिवाळीला फराळ पोहोचतो.

आपला वारसा आपल्यालाच माहीत नाही

कट्ट्यावरच्या पोराला लिव्हरपूलचा इतिहास पाठ असतो. पण मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स कप नावाची देशातली एक मोठी स्पर्धा सुरू झाली होती, हे विचारलं तर मान हलते. सुरुवातीची कितीतरी वर्षं तो कप गोऱ्या पलटणीच नेत होत्या. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला आणि पुढच्या वर्षीही राखला. कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं तिथली लीग जिंकली आणि १९४० मध्ये ड्युरँड कप जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम साहेबांचं नाव 'मैदान' चित्रपटामुळे आता नव्या पिढीला कळलं. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ मध्ये एशियाडचं सुवर्ण जिंकलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपण चौथे आलो आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईत खेळणारा फुटबॉलपटू होता. तोच रोव्हर्स कप या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. मोहम्मडन स्पोर्टिंग २०२४ मध्ये आयएसएलमध्ये पोहोचला, पण पहिल्याच हंगामात तळाला राहिला.

राज्यात अजून जिवंत फुटबॉल बघायचा असेल तर कोल्हापूरला जावं. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ आहेत, शिवाजी तरुण मंडळासारखी मंडळं आहेत. शाहू स्टेडियममध्ये सामना असला की पेठ अन् पेठ रिकामी होते. कधी चाहत्यांची भांडणंही होतात, ते चांगलं नाही. पण तिथला वाद स्वतःच्या पेठेतल्या पोरावरून होतो, सातासमुद्रापारच्या खेळाडूवरून नाही. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

इंग्लंडचा एक नियम आणि आपली तीन शहरं

आता एक गंमत ऐका. शनिवारी दुपारी ३ वाजता इंग्लंडमध्ये जे सामने सुरू होतात, ते आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला मोबाईलवर लाइव्ह बघता येतात. पण खुद्द इंग्लंडमध्ये ते टीव्हीवर लाइव्ह दाखवायला बंदी आहे! १९६० च्या दशकापासूनची ही पद्धत. कारण साधं आहे. बड्या क्लबचा सामना घरबसल्या दिसला तर गावातल्या छोट्या क्लबच्या मैदानावर कोण जाणार? म्हणजे मँचेस्टरमधला चाहता स्वतःच्या संघाचा जो सामना घरी बघू शकत नाही, तो बदलापूरचा पोरगा लोकलमध्ये उभ्याने बघतो.

त्यांनी आपलं छोटं मैदान जपायला नियम केला. आपल्या छोट्या मैदानाला कोण जपतंय?

आपली परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे. उल्हासनगर फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं, दाटीवाटीने वाढलं. गोल मैदानासारख्या मोजक्या मोकळ्या जागांवर सभा, मेळावे आणि क्रिकेट यांचाच हक्क आधी. अंबरनाथ आणि बदलापुरात गेल्या वीस वर्षांत टॉवरमागून टॉवर उठले. मोकळ्या जागा आक्रसल्या आणि जाळी लावलेले टर्फ आले. टर्फ वाईट नाही, पण तिथे तासाचे पैसे पडतात. नोकरी करणारे दहा जण वर्गणी काढून खेळतात. जीन्सच्या कारखान्यात काम करणाऱ्याचा बारा वर्षांचा मुलगा जाळीबाहेर उभा राहून बघतो. मुंबई सिटीचा सामना बघायचा म्हटलं तर दादरला गाडी बदलून अंधेरी. साडेसातचा सामना संपवून बदलापूरला घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र.

मुलींचं तर विचारूच नका. पण आपल्याच सेंट्रल लाइनवरच्या मुंब्र्यात वेगळं काही घडलं. तिथे २०१२ च्या सुमारास सुरू झालेल्या 'परचम' या संस्थेच्या मुली फुटबॉल खेळू लागल्या. मुलींनाही मैदानावर हक्काची वेळ हवी, ही मागणी त्यांनी लावून धरली. मुस्लिम आणि बिगर-मुस्लिम मुली एकाच संघात खेळल्या. हिजाब घालून खेळायला फिफाने २०१४ पासून रीतसर परवानगी दिली आहे आणि २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली. तेव्हा 'नियमात बसत नाही' हे कारण आता उरलेलं नाही.

मग करायचं काय?

आम्ही उपदेश करणार नाही. चारच गोष्टी सांगतो, ज्या या महिन्यात करता येतील.

पहिली, शाळा. १९६० पासून चालत आलेला सुब्रोतो कप ही शालेय मुलामुलींची देशपातळीवरची स्पर्धा आहे. तिची वाट तालुका आणि जिल्ह्याच्या सामन्यांतून जाते. आपल्या मुलाच्या शाळेने, मग ती उर्दू असो, मराठी किंवा सिंधी, संघ पाठवला का, हे मुख्याध्यापकांना विचारा. नसेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा.

दुसरी, कागद. गुणी मुलगा अनेकदा जन्मदाखल्यावर अडकतो. फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत वयाचा पुरावा लागतो. आधार, शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांवर नाव व तारीख एकच आहे ना, हे आजच बघा. वय कमी दाखवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पुढे मुलावर बंदीची वेळ येते.

तिसरी, मैदान. शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी जागा राखीव असतात. पण १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेने ती जागा ताब्यात घेतली नाही तर जागामालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर दोन वर्षांतही पालिकेने पाऊल उचललं नाही तर आरक्षण रद्द होतं. मैदान असं कागदावरच संपतं, आवाज न करता. आपल्या वॉर्डात क्रीडांगणाची किती आरक्षणं आहेत आणि किती ताब्यात आली, हे दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर विचारता येतं. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. उल्हासनगरला महापालिकेत, अंबरनाथ आणि बदलापूरला नगरपरिषदेत अर्ज करा. नवा प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांची मुदत चुकवू नका.

चौथी, पैसा. फुटबॉलच्या ज्ञानावर पैसे लावण्याची सवय काही पोरांना लागली होती. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि फँटसी ॲपनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. तरी गल्लीत, मेसेजवर सट्टा चालतो. त्याला नाव काहीही द्या, तो जुगारच. तेच पैसे जमवून मोहल्ल्याच्या संघाला दोन बॉल आणि एक पंप घ्या.

मेस्सी की रोनाल्डो हा वाद चालूच राहणार, आणि राहावा. आम्हीही त्यात भाग घेतो, आमच्यातही दोन गट आहेत. फक्त येत्या रविवारी सकाळी मोबाईल खिशात ठेवून आपल्या भागातल्या पोरांचा एखादा सामना बघायला जा. कोण कसं खेळलं यावर संध्याकाळी कट्ट्यावर वाद घाला. त्या पोराच्या कानावर ते गेलं की आपल्यावरूनही कोणीतरी भांडतंय हे त्याला कळेल, आणि सोमवारी तो सरावाला अर्धा तास आधी येईल.